झुडपी रान म्हणजे ओसाड जागा नव्हे



निसर्गावर लेख लिहायचा म्हटला की आपण वाघ, मोर, धबधबा असा मोठा विषय घेतो. या खेपेस आमच्या सातवीच्या वर्गाने तसे केले नाही. आपल्या गावामागे काटेरी झुडपांची जी उंचवट्याची जागा आहे, तिच्याविषयी हा लेख आहे. तिला कोणी पडीत म्हणतो, कोणी माळ म्हणतो, तर कोणी नुसते 'तिकडे' म्हणतो. घरचा केर, फुटके कवेलू, मेलेले ढोर टाकायला आपण तिकडेच जातो. यंदा तर गावचा सगळाच कचरा टाकायला ती जागा बरी, असे पारावर बोलले जात आहे. म्हणून हा विषय घेतला.

ती जागा राखण्यासारखी आहे काय? असेल तर का? आणि आपण मुले त्यासाठी काय करू शकतो? या तीन प्रश्नांची उत्तरे मी माझ्या परीने देत आहे.

झुडपी जंगल म्हणजे काय?

आमचे गुरुजी आम्हांला तलाठी कार्यालयात घेऊन गेले होते. तेथे जमिनीची नोंद पाहायला मिळाली. आम्हांला वाटले होते, त्या जागेपुढे 'पडीत' असे लिहिलेले असेल. पण लिहिले होते 'झुडपी जंगल'.

हा शब्द आपल्या विदर्भाचा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या कागदपत्रांत तो सापडतो. ज्या जागी माती पातळ, खाली मुरूम, नांगर चालत नाही, आणि बोर, बाभूळ, हिवर, पळस अशी झाडेझुडपे आपोआप उगवलेली असतात, त्या जागेला जुन्या काळी कागदावर झुडपी जंगल म्हणून लिहिले गेले. गावची ढोरे तेथे चरत असत. अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन या सहा जिल्ह्यांत उरली आहे. एकरांत सांगायचे तर दोन लाख एकरांहून जास्त!

ही जमीन जंगल समजायची की साधी सरकारी जागा समजायची, याविषयी अनेक वर्षे वाद होता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की झुडपी जंगल ही वनजमीनच मानायची. त्या वेळचे सरन्यायाधीश श्री. भूषण गवई हे आपल्या शेजारच्या अमरावतीचे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जागा घरांसाठी किंवा सार्वजनिक कामासाठी दिल्या गेल्या, त्यांच्याकरिता न्यायालयाने वेगळी वाट ठेवली. पण जी जागा अजून रानच आहे, तिचा दुसरा वापर करायचा झाल्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची मंजुरी लागते.

बघा, कोण्या जुन्या कारकुनाने कागदावर दोन शब्द लिहिले, ते इतक्या वर्षांनी रानाच्या कामी आले. पण त्या कागदावर फक्त 'झुडपी' एवढेच आहे. तेथे काय उगवते, कोण राहते, कोणाचे पोट त्यावर चालते, हे काही लिहिलेले नाही. ते लिहिण्याचे काम आता आपले आहे.

काटे कशासाठी असतात?

आम्ही पहिल्या शनिवारी निघालो तेव्हा माझी आजी म्हणाली, "कायले जाता रे तिकडं? काट्याशिवाय काय हाय तिथं?" आणि मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण काटे हायेत म्हणून तं झाड वाचते."

आजीच्या बोलण्याचा अर्थ आम्हांला रानात गेल्यावर कळला. मोकळ्या जागी कोवळे रोप उगवले की शेळी ते खाऊन टाकते. बोरीच्या काटेरी झुडपात मात्र शेळीचे तोंड पोचत नाही. तेथे सावली असते, पाला पडून माती ओलसर राहते. बुलबुल, कोकीळ असे पक्षी निंबोळ्या खाऊन झुडपावर येऊन बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून बी खाली पडते. त्या बीचे रोप झुडपाच्या आत वाढते. चार-पाच वर्षांत निंब झुडपाच्या वर डोके काढतो, मग त्याला शेळीचे भय राहत नाही. आई लेकराला पदराखाली घेते, तसे झुडूप रोपाला घेते. म्हणून झुडूप तोडले म्हणजे एक झुडूप गेले असे होत नाही. त्याच्या पोटातले उद्याचे झाडही जाते.

दुसरे काम पाण्याचे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिखल होऊन वाहते. उंचावर गवत आणि झुडपे असली की पावसाचा जोर पानांवर मोडतो, पाणी मुळांपाशी थांबते आणि हळूहळू जमिनीत मुरते. उंचवटा उघडा असला तर तेच पाणी मुरूम-माती घेऊन सरळ नाल्यात उतरते. नाला वर्धा नदीला मिळतो. आपल्या आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरण आहे. वाहून गेलेला गाळ शेवटी धरणातच बसतो आणि तेवढी पाण्याची जागा कमी होते. गावची विहीर, धुऱ्यावरची माती आणि धरणातले पाणी यांचा संबंध या झुडपांशी असा आहे.

तेथे कोण कोण राहते?

पळस तर तुम्हां सर्वांना ठाऊकच आहे. पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण पाठ करतो. पण प्रत्यक्ष देठाला धरून मोजली आहेत का? आम्ही मोजली. फाल्गुनात पाने गळून तो केशरी फुलांनी भरतो. फुलांचा रंग होळीला, पानांच्या पत्रावळी आणि द्रोण लग्नाला. त्याच्या फुलांतला मध प्यायला साळुंक्या, कावळे येतात.

पावसाळ्यात तरोट्याची भाजी आणि काटवल तिथूनच येतात. कार्तिकात सीताफळे, पौष-माघात बोरे. गवतांची नावे मला एकच ठाऊक होती, ती म्हणजे 'गवत'. आजीने मात्र एका दमात सांगितले: पवन्या, मारवेल, कुसळी, तिखाडी. पवन्या आणि मारवेल ढोरे आवडीने खातात. कुसळीचे कुसळ पायाला टोचते. तिखाडी चुरगाळली की सुगंध येतो, तिचे तेल काढतात. आजी शाळेत गेलेली नाही, पण हे तिला तोंडपाठ आहे. आमच्या पुस्तकात यांतले एकही नाव नाही.

या गवताशी आपल्या भागाचे आणखी एक नाते आहे. आपली पांढरीशुभ्र गवळाऊ गाय ही वर्धा जिल्ह्याच्या याच भागातली जात. चपळ चालीबद्दल तिचे बैल प्रसिद्ध आहेत. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीच्या पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. रानात चरणाऱ्या या गाईला चराईचे रानच राहिले नाही तर गवळ्यांनी गाई ठेवायच्या कोठे?

पक्ष्यांमध्ये तितर, लावा, टिटवी, होला, वेडा राघू, पिंगळा आणि नीलपंख आम्ही पाहिले. टिटवी घरटे बांधत नाही. मुरमातच अंडी घालते आणि ती खड्यांसारखीच दिसतात. खाटीक नावाचा पक्षी आपण पकडलेले नाकतोडे बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. म्हणजे बाभूळ ही त्याची खुंटी झाली!

नीलपंखाला आपण नीळकंठ म्हणतो. दसऱ्याला तो दिसला की शुभ मानतात. बसलेला असताना तो मातकट वाटतो, पण उडाला की पंखांचा निळा रंग एकदम उघडतो. तो किडे, टोळ, भुंगेरे खातो, म्हणून शेतकऱ्याचा सोबती आहे. वर्धा शहरात शहराचा पक्षी निवडण्यासाठी मतदान घेतले गेले, तेव्हा हाच नीलपंख निवडून आला. त्याला अंडी घालायला जुन्या झाडाची ढोली लागते आणि शिकारीला उघडे रान लागते. दोन्ही गोष्टी झुडपी रानात आहेत.

मोठ्या जनावरांनाही ही राने लागतात. आपल्या जिल्ह्यात बोर अभयारण्य १९७० साली झाले आणि २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. त्या वेळी देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत तो सर्वांत लहान होता. लहान घरात मुले मोठी झाली की ती बाहेर पडतात. तसेच तरुण वाघ नवी जागा शोधायला लांब लांब चालत जातात. ते चालतात नाल्याकाठाने आणि अशाच झुडपांच्या आडोशाने. ही राने तुटली तर त्यांना वावरांतून, वस्तीजवळून जावे लागेल. त्यात त्यांनाही धोका आणि आपल्यालाही.

लिहून काय होते?

कोणी म्हणेल, पाहिले ते पुरे, लिहायचे कशाला?

थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांची गोष्ट ऐका. १९०८ च्या सुमारास ते लहान होते आणि छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. एकदा मारलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले. तेथील मिलार्ड साहेबांनी त्यांना कपाटे उघडून शेकडो पक्षी दाखवले. त्या दिवसापासून त्यांचे आयुष्य बदलले. पण मला त्याहून आवडली ती त्यांची लहानपणची वही. चिमणीच्या घरट्यावरचा नर मारला तर मादी लवकरच दुसरा नर आणते, असे त्यांनी पाहून लिहून ठेवले होते. लिहिताना ती शिकारीची फुशारकी होती. पुढे मोठेपणी त्यांनाच कळले की पक्ष्यांच्या वागण्याच्या दृष्टीने ते टिपण मोलाचे आहे. लिहिले नसते तर विसरले गेले असते.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातले. मेंढा (लेखा) या गावच्या लोकांनी अभ्यासगट केले. आपल्या जंगलात काय आहे, कायदा काय म्हणतो, याचा ते एकत्र बसून अभ्यास करत. २००९ साली गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क देशात प्रथम मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक आहे.

तिसरी गोष्ट कायद्याची. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते आणि तिने गावातील झाडे, प्राणी, पक्षी, पिके व त्यांविषयी लोकांना असलेली माहिती यांची 'लोक जैवविविधता नोंदवही' ठेवायची असते. राज्याचे जैवविविधता मंडळ तर आपल्या नागपूरलाच आहे. या नोंदवहीत माहिती कोण देणार? आजीसारखी माणसे देणार. आणि लिहून घ्यायला आम्ही मुले आहोत.

ही शिकवणही आपल्याच जिल्ह्याची आहे. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला. हाताने काम करत आणि आपल्या परिसरातून शिकावे, असे त्यात आहे.

आम्ही वही कशी लिहितो?

जून अखेरपासून शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही गुरुजींबरोबर रानात जातो. आमचे नियम असे आहेत :

१. दर वेळी त्याच वाटेने जायचे, म्हणजे काय बदलले ते कळते.

२. तारीख, वेळ आणि हवा आधी लिहायची.

३. गावात जे नाव चालते तेच आधी लिहायचे. पुस्तकी नाव नंतर.

४. नाव ठाऊक नसेल तर बनवायचे नाही. रंग, आकार, आवाज लिहायचा आणि पानाचे चित्र काढायचे.

५. 'पाहिले', 'ऐकले' आणि 'कोणी सांगितले' हे तीन वेगळे रकाने ठेवायचे. सांगितलेले पाहिले म्हणून लिहायचे नाही.

६. घरट्याला, अंड्याला हात लावायचा नाही. फूल तोडायचे नाही. बिळात काडी घालायची नाही.

आमच्या वहीतल्या चार नोंदी येथे देते.

२७ जून. रात्री पाऊस झाला. हवा ढगाळ. लाल मखमली मृगाचे किडे निघाले. वीस पावलांत ४१ मोजले.

११ जुलै. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरू लागली. मुरमात चार अंडी दिसली. आम्ही लगेच मागे फिरलो आणि लांबच्या वाटेने गेलो.

८ ऑगस्ट. बोरीच्या दहा झुडपांत वाकून पाहिले. निंबाची सात रोपे आणि पळसाची दोन. झुडपाबाहेर तेवढ्याच जागेत शोधले, एकही रोप नाही.

१९ सप्टेंबर. जेथे मुरूम खोदून नेला आहे, त्या खड्ड्यात गवत नाही, फक्त साचलेले पाणी. त्याच्या खालच्या अंगाला नाल्यात मातीचा थर. काठी रोवून मोजला, वीत-दीड वीत आहे.

तिसरी नोंद वाचली की काट्यांविषयीचे आजीचे बोलणे खरे ठरते. चौथी वाचली की माती कोठे जाते ते कळते.

पालकांची शंका

माझे बाबा म्हणाले, "रोही आणि डुकरं तिथूनच येतात न बाप्पा! रातभर जागल करावी लागते. ते रान कायले राखतं?" बाबांचे म्हणणे खोटे नाही. आमची तूर मागच्या साली अर्धी गेली. पण मी गुरुजींना विचारले, तेव्हा ते म्हणाले की रान काढल्याने जनावर नाहीसे होत नाही. त्याचे खाणे आणि लपायची जागा गेली की ते पिकातच मुक्काम करते. नुकसान झाले तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. तो कसा भरायचा, हे आम्ही पुढच्या अंकात लिहिणार आहोत. त्याचा उपयोग सर्वांना होईल.

सरपण लागते, हेही खरे. वाळलेली काटकी आणली तर रानाचे फारसे बिघडत नाही, उभे झुडूप मुळातून काढले तर बिघडते.

गवत पेटवले की नवे चांगले फुटते, असे काही जण म्हणतात. हिरवे कोंब लवकर दिसतात खरे. पण दर वर्षी आग लागली की कोवळी रोपे, बी आणि जमिनीवरची अंडी जळतात. ढोरांना आवडणारे गवत मागे पडते आणि कुसळी वाढते. म्हणजे नुकसान ढोरांचेच.

आणि एक गोष्ट आम्हां मुलांसाठी. झाडे लावणे चांगलेच आहे. पण झुडपे काढून, खड्डे खोदून एकाच जातीची झाडे रानात लावली तर टिटवीने अंडी घालायची कोठे आणि गाईने चरायचे काय? झाडे शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर लावू या. रानाला रानासारखे वाढू देऊ या.

आता काय करायचे?

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. आमची वही आम्ही तेथे सरपंचांपुढे ठेवणार आहोत. ती जैवविविधता समितीच्या नोंदवहीत उतरवून घ्यावी आणि कचऱ्यासाठी दुसरी जागा पाहावी, एवढी आमची विनंती आहे. मुलांचे कोण ऐकते, असे वाटून आम्ही गप्प बसणार नाही. पण आमच्या वहीत अजून पुष्कळ जागा कोरी आहे. गवतांची नावे चारच झाली आहेत. औषधी पाल्याचे पान तर रिकामेच आहे.

पालकहो, या भित्तिपत्रकाच्या खाली खिळ्याला ती वही आणि पेन्सिल बांधून ठेवली आहे. आपल्याला ठाऊक असलेले एक तरी झाड, गवत, पाखरू तिच्यात लिहून जावे. लिहिता येत नसेल तर आम्हांला सांगावे, आम्ही लिहून घेऊ. पूर्वी तेथे काय होते आणि आता दिसत नाही, तेही सांगावे.

मित्रमैत्रिणींनो, ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारीख ही अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांची जयंती आणि १२ तारीख डॉ. सालिम अली यांची. त्या आठवड्यात पाचवी आणि सहावीच्या मुलांनाही आम्ही रानात नेणार आहोत. पायात चप्पल नको, बूट असावेत. वही प्रत्येकाने आपापली आणावी.

इयत्ता ७ वी